पापडाच्या डब्यातला फोन

आमच्या घरी वारा वाजायचा. हे सांगितलं की नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात, आजी आता कविता करायला लागली म्हणतात. पण कविता वगैरे काही नाही. आळेफाट्याला रस्त्याच्या कडेला पप्पांचं ठिबक सिंचनाच्या आणि पाण्याच्या मोटारींच्या सामानाचं दुकान होतं, दुकानाच्या मागे आणि वर आमचं घर, आणि दोन्हींच्या मधल्या बोळात पीव्हीसीचे लांब पाइप भिंतीला टेकवून उभे केलेले असत. दुपारी आणे घाटाकडून वारा सुटला की तो त्या पाइपांच्या तोंडांवरून घुमत जायचा, जाड पाइपातून खर्जात आणि बारीक पाइपातून थोडा वर. बाहेर नाशिकच्या, नगरच्या गाड्या हॉर्न वाजवत असत, समोरच्या गॅरेजात टायरवर हातोडा पडत असे, दुकानात गिऱ्हाईक आणि पप्पा वॉशरच्या मापावरून वाद घालत असत, आणि ह्या सगळ्याच्या खाली तो आवाज चाललेला असे. मी जन्मल्यापासून त्या घरात राहिले आणि तो आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला तो बारावी संपल्यावर. तो तेव्हाच का ऐकू आला ते सांगायचं तर फोनचं सांगावं लागेल.

आमचं घर जैनाचं. पणजोबा राजस्थानातून आले, पण आम्ही सगळे इथलेच. स्वप्नंसुद्धा मराठीतच पडायची. चहूकडे कांदा, बटाटा, टोमॅटो, आणि कांद्याच्या त्या मुलखाच्या ऐन मध्यावर आमचं कांदा न खाणारं घर. राजुरीचे शेतकरी दुकानात हक्काने यायचे, मम्मीच्या हातचा चहा घ्यायचे आणि जाताना न चुकता म्हणायचे, "वहिनी, आवंदा कांदा लई गोड हाय, एक पिशवी ठेवू का?" मम्मी हसून मान हलवायची. त्यांनाही माहीत असायचं, आम्हालाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तर पालेभाजीही बंद, मग स्वयंपाकघरात बेसनाचे गट्टे, मुगाची डाळ, पापडाची भाजी, मेथीदाण्याची भाजी असं काय काय शिजायचं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, आणि त्या मावळतीच्या उजेडात ताटांचा जो घाईघाईचा खणखणाट व्हायचा तो अजून माझ्या कानात आहे. मम्मीचा दिवस मोठा असायचा. दुपारी सगळं आवरलं की ती मधल्या खोलीत माझ्या अभ्यासाच्या टेबलाशेजारी खाली बसून चहा घ्यायची, मग तिथेच तांदूळ निवडायची नाहीतर पापड लाटायची. मी अभ्यास करत असायचे, म्हणजे तसा तिचा आणि माझा समज होता.

फोन मला अकरावीत मिळाला, आणि मिळाला तो अभ्यासासाठीच. आता ह्या वाक्याला कोणी हसत असेल तर हसू दे. त्या काळी महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराच्या हातात फोन अभ्यासासाठीच आला होता. मी मनापासून बसायचे. रसायनशास्त्राचा व्हिडिओ लावायचे, वहीवर शीर्षक लिहायचे, त्याखाली रेघ मारायचे. ती रेघ फार सुंदर यायची. मग वरून काहीतरी टपकायचं, कुणाचा तरी निरोप, कुणाच्या तरी लग्नातला नाच, आणि मी म्हणायचे, एवढं बघते. एवढं बघता बघता मी कुठल्या कुठे निघून जायचे. कोणीतरी बर्फात घर बांधत असे, कोणीतरी मांजराला आंघोळ घालत असे, कोणी बाई रडत रडत सांगत असे की रडू नका. भानावर यायचे तेव्हा मम्मीचे तांदूळ निवडून झालेले असत, खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकलेलं असे, आणि वहीवर फक्त ती रेघ. मजा येत होती म्हणावं तर तसंही नव्हतं. अंगणात कोणी हाक मारावी, आपण जावं आणि तिथे कोणीच नसावं, तसं दिवसभर चालायचं. मी फोन गादीखाली ठेवून पाहिला, बंद करून पाहिला, मैत्रिणीकडे देऊन पाहिला आणि संध्याकाळी एसटी पकडून परत घेऊन आले. पुस्तकाचं एक पान वरपासून खालपर्यंत वाचणं मला जमेना. ते कुणाला सांगायची मला भयंकर लाज वाटायची, कारण लहानपणी मी वाचणारी मुलगी म्हणून घरात मिरवले होते.

बारावीला मार्क बरे पडले, प्रवेश परीक्षेला बेताचे. मला अन्नतंत्रज्ञानाला जायचं होतं. आमच्याकडे भाव पडला की टोमॅटोचे ढीग रस्त्याच्या कडेला ओतून देत, लाल चिखलातून गाड्या जात, आणि मला लहानपणापासून वाटायचं की ह्याचं काहीतरी करता आलं पाहिजे. पप्पांना वाटायचं की जवळच्या कॉलेजात फार्मसी करावी, घरून जाऊन-येऊन. शेवटी ठरलं ते असं: माझ्या आवडीच्या कॉलेजाचं नाव यादीत आलं तर मी जायचं, आणि शेवटच्या फेरीतही नाही आलं तर मुकाट्याने फार्मसी. पहिल्या फेऱ्यांत नाव आलं नाही. शेवटच्या फेरीची यादी आज लागेल, उद्या लागेल असं करत लांबत गेली आणि पर्युषण, आमचं आठ दिवसांचं व्रतांचं पर्व, येऊन ठेपलं.

त्या वर्षी महासतीजींचा, म्हणजे आमच्या साध्वीजींचा, चातुर्मास आमच्याच स्थानकात, गावातल्या जैनांच्या प्रार्थनेच्या जागेत होता. त्या उंच, सावळ्या, थोड्या थट्टेखोर होत्या. स्थानकात माइक नसतो, पंखाही नसतो, त्यामुळे त्यांचं व्याख्यान ऐकायचं तर सगळ्यांना चूप बसून कान द्यावा लागे. पप्पांच्या मोठ्या बहीण, आमच्या भुआजी, मंचरहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांची अठाई होती, म्हणजे आठही दिवस फक्त उकळून गार केलेलं पाणी. पहिल्या दिवशी महासतीजींनी विचारलं की ह्या आठ दिवसांत कोण काय सोडतंय. कोणी उठून चहा सोडला, कोणी साखर, एका आजोबांनी राग सोडला तेव्हा त्यांची बायको खुदकन हसली. भुआजींनी मला कोपराने ढोसलं. मी उठले, हात जोडले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मोबाईल." सगळं स्थानक माझ्याकडे वळलं. महासतीजींनी विचारलं, नक्की ना? मला एकदम शौर्य चढलं होतं. मी मान डोलावली, आणि त्यांनी मला नियम दिला: मोबाईलला हात लावणार नाही, आणि दुसऱ्या कुणाकडूनही माझं मोबाईलचं काम करवून घेणार नाही; मनाने, वाचेने, कायेने.

पायऱ्या उतरताना भुआजींनी विचारलं, "आगार कसला ठेवलास?" आगार म्हणजे नियम घेतानाच बोलून ठेवलेली सूट. आमच्यात लहान पोरसुद्धा उपवासाचा नियम घेताना औषधाचा आगार ठेवतं. मी म्हटलं, "कसलाच नाही." भुआजी एक पायरी चुकल्यासारख्या थांबल्या. कॉलेजची यादी लागायची आहे हे मला त्या क्षणापर्यंत आठवलंही नव्हतं, आणि आठवल्यावरही वाटलं की एवढी लांबलीय तर आणखी आठ दिवस सहज लांबेल.

फोन मम्मीने माझ्यादेखत पापडाच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवला आणि डबा फळीवर चढवला. पहिले दोन दिवस वाईट गेले. हात आपोआप उशीखाली जायचा, मांडीवर चाचपायचा. डब्यात फोन थरथरला की आख्खा डबा भुंगा कोंडल्यासारखा गुणगुणायचा आणि माझा जीव तिकडे धावायचा. पण मग कधीतरी, तिसऱ्या-चौथ्या दुपारी, मी बोळात ठिबकच्या पाइपांच्या गुंडाळ्यांवर बसले होते. उन्हाची तिरीप आत आली होती, प्लास्टिकचा तो कोमट वास येत होता, आणि मला पाइप ऐकू आले. आधी वाटलं लांब कुठेतरी देऊळ आहे आणि तिथे कोणी तंबोरा लावतंय. मी उठून आवाजामागे गेले तर तो माझ्याच डोक्याशी. मी कितीतरी वेळ तिथे उभी होते. पप्पांनी दुकानातून हाक मारली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, काही नाही, वारा आहे. "मग? रोजचाच आहे की," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मला आता आठवतात ते जरासे पाण्याखालून बघितल्यासारखे. सगळं सावकाश चाललं होतं आणि सगळं जवळ होतं. ऊन यायचं, सर यायची, पुन्हा ऊन यायचं, आणि प्रत्येक वेळी रस्त्याचा वास बदलायचा. पप्पा पाइप कापताना जीभ दातात धरतात हे मी पाहिलं. भुआजी उपवासाने इतक्या हलक्या झाल्या होत्या की बोलताना शब्द त्यांच्या ओठांवर थोडा वेळ बसून मग निघायचे. कपाटातून मी एक जुनं जाडजूड पुस्तक काढलं, मुरवणं-वाळवणं-टिकवणं ह्यावरचं, आणि गुंडाळ्यांवर बसून ते वाचायला घेतलं. एक पान झालं, दुसरं झालं. मध्येच माझ्या लक्षात आलं की मी वाचतेय आणि हात कुठेही चाचपत नाहीये. मला रडू आलं. आजाराने गेलेली चव परत आल्यावर साध्या वरणभाताने जसं होतं तसं. माझं मन माझ्याकडे परत आलं होतं, आणि ते पुन्हा जाईल ह्याची मला धास्ती वाटायला लागली. मी त्या नियमाला पुण्यासाठी धरून नव्हते हे मला आता कळतं. बुडता माणूस काठ धरतो तसा मी तो धरला होता.

संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणातल्या शेवटच्या दिवसाच्या, आदल्या दुपारी दत्ताभाऊ आले. महाळुंगे पडवळचे हे गृहस्थ फाट्यावर इंटरनेटचं दुकान चालवायचे. माझा प्रवेशाचा फॉर्म त्यांनीच भरला होता. गाडी तशीच उभी करून ते आत आले आणि म्हणाले, "शेठ, पोरीचं नाव लागलं. पयल्या पसंतीचं कॉलेज." पप्पांनी हातातला वॉशर खाली ठेवला. मला वाटलं मी जमिनीपासून थोडी वर उचलली गेलेय. पण दत्ताभाऊंचं बोलणं संपलं नव्हतं. जागा घेतली असं पाच वाजायच्या आत कळवायचं होतं. कॉम्प्युटरवरचं सगळं ते करू शकत होते, पण शेवटी एक कोड येणार होता, आणि तो माझ्या ई-मेलवर. वडिलांचा मेल नको, माझाच घाला, असं मीच हट्टाने सांगितलं होतं. तो मेल फक्त माझ्या फोनवर उघडायचा, आणि फोनचं कुलूप म्हणजे ठिपक्यांवरून बोट फिरवून काढायची एक आकृती. ती मी कधी कुणाला दाखवली नव्हती. कुलूप लावलेल्या फोनवर निरोपाचं अक्षरही दिसू नये, अशीही सोय करून ठेवली होती.

"मंग काय, फोन काढा की," दत्ताभाऊ म्हणाले. पप्पांनी त्यांना नियमाचं सांगितलं. दत्ताभाऊंच्या घरी एकादशी पाळत. नियम म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. ते फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "पाच वाजले की जागा गेली, ताई. फुडं फेरी न्हाई. मी दुकानात बसतो, तुमी कोड सांगा." आणि ते गेले.

मग आमच्या मधल्या खोलीत जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण आवाज कोणाचाच चढला नाही. पप्पांचं म्हणणं होतं की नियम मोडावा, प्रायश्चित्त घ्यावं, हवं तर त्यांनी माझ्याऐवजी उपवास करावा. भुआजी म्हणाल्या, प्रायश्चित्त चुकून झालेल्या गोष्टीचं असतं. आधी माफी ठरवून मग मोडायचं हा कुठला व्यवहार. पप्पा म्हणाले, मग हिने मला ती आकृती सांगावी, मी उघडतो. भुआजी म्हणाल्या, सांगितलं की ते करवून घेणं झालं. फोन बोटाच्या ठशानेही उघडायचा; तेव्हा पप्पांनी सुचवलं की मी डोळे मिटून बसावं, ते माझं बोट त्यावर टेकवतील. भुआजी सात दिवसांच्या उपाशी आवाजात म्हणाल्या, "बोट कुणाचं?" शेवटी पप्पा स्थानकात धावले. परत आले ते घाम पुसत. महासतीजी म्हणाल्या होत्या की नियम मुलीचा आहे, दुसऱ्या कुणाला तो बांधत नाही. कोणी आपणहून काही केलं तर तिला दोष नाही, पण तिने सांगायचं नाही, खुणवायचं नाही. आणि मोडायचा असेल तर तोही तिनेच ठरवून मोडायचा, दुसऱ्याने तिच्यासाठी ठरवायचं नाही.

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला ते कॉलेज हवं होतं. किती हवं होतं हे त्या दिवसापर्यंत मलाही माहीत नव्हतं. ते लाल टोमॅटोचे ढीग, त्या जुन्या पुस्तकातली बरण्यांची चित्रं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून सरकत होतं. फळीवरचा डबा मला दिसत होता. उठायचं, झाकण काढायचं, एकदा बोट फिरवायचं. पण मला हेही पक्कं ठाऊक होतं की मी स्वतःला दिलेला एकही शब्द दोन वर्षांत पाळलेला नव्हता. 'एवढंच बघते' म्हणून मी रोज तो मोडला होता. आजचं कारण मोठं होतं, खरं होतं, पण उद्यापासून प्रत्येक कारण मला मोठं आणि खरंच वाटलं असतं. मी म्हटलं, "मी हात लावणार नाही. आणि सांगणारही नाही." माझा आवाज इतका बारीक निघाला की पप्पांनी, काय म्हणालीस, असं विचारलं. मी पुन्हा म्हणाले आणि मग मात्र मला हुंदका आवरेना. पप्पा खाली मान घालून बसले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. फार्मसीचं कॉलेजही चांगलं असतं, असं ते हळूच म्हणाले, त्यांनाच ते पटत नसल्यासारखं.

एवढा वेळ मम्मी बोललीच नव्हती. ती स्वयंपाकघरात मूग चाळत होती. तिने चाळणी खाली ठेवली, पदराला हात पुसले, स्टूल ओढलं आणि फळीवरचा डबा काढला. पप्पा म्हणाले, बॅटरी संपली असेल आता. "नाही," ती म्हणाली, "मी रोज चार्ज करते." तिने फोन हातात घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, मुद्दामच. बोट टेकवलं, वरच्या कोपऱ्यातून सरळ खाली आणलं, तिरकं वर नेलं, मधल्या ठिपक्यावरून वळवलं, आणि फोन उघडला. पहिल्याच खेपेला, एका दमात, मी उघडायचे तसाच. भुआजींचा हात कपाळाशी गेला आणि तिथेच राहिला. मम्मीने तिच्या फोनवरून दत्ताभाऊंना लावलं, कोड पाठवा म्हणाली, मग माझ्या फोनवर आलेला मेल उघडला आणि हात लांब धरून एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. पलीकडून त्यांनी तो पुन्हा म्हणून घेतला. थोड्या वेळाने फोनमधून त्यांचा आवाज आला, "झालं, वहिनी. सीट पक्की." मम्मीने फोन डब्यात ठेवला, डबा फळीवर ठेवला आणि मूग पुन्हा चाळायला घेतले.

आता मी तिच्या त्या वयाच्या कितीतरी पुढे आले आहे. पुढची सगळी वर्षं, ते कॉलेज, ती नोकरी, स्वतःचा छोटा कारखाना, सगळं त्या दुपारीतून निघालं असं लोकांना सांगते आणि ते खरंही आहे. पण एकटी असले की मला ती सीट आठवत नाही. मला आठवतं ते त्यानंतरचं. पप्पा दुकानात गेले होते, भुआजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसल्या होत्या, आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मम्मी, तुला कसं माहीत?"

"काय?"

"आकृती. मी कधी कुणाला दाखवली नाही."

ती चाळत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षं शेजारी बसतेय तुझ्या. तू फोनकडं बघायचीस. मी तुझ्याकडं बघायचे. दुसरं काय बघणार?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तिच्यासमोर बसले आणि मूग निवडायला हात घातला. गेले काही दिवस मी जगातलं सगळं बघत होते, वारा ऐकत होते, पप्पांची दातात धरलेली जीभ, भुआजींचे ओठ, आणि स्वतःवर किती खूश होते. उजेड कमी व्हायला लागला होता. मम्मीने कोनाड्यातून काहीतरी काढलं, पदराने पुसलं आणि डोळ्यांवर चढवलं. साधा, काळ्या काड्यांचा चष्मा होता. एका बाजूची काडी सैल होऊन तिला दोरा गुंडाळलेला होता, म्हणजे चांगला वापरातला. मी त्याच्याकडे बघत राहिले.

"तुला चष्मा कधी लागला?" मी विचारलं.

"गेल्या दिवाळीत," ती म्हणाली, आणि मुगातला एक खडा काढून तिने बाजूला ठेवला.